घासामागचं पाणी

अण्णांनी जेवणाच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि फ्रिजच्या डोक्यावर नेऊन ठेवला. मग पेले एकात एक घालून त्याच्या शेजारी लावले.

"आजपासून या घरात जेवताना पाणी नाही," ते म्हणाले. "जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवणानंतर तासभर नाही, आणि मध्ये तर नाहीच नाही. शरयू, हे विशेषकरून तुझ्यासाठी."

शरयूनं मान उंच करून फ्रिजकडे पाहिलं. आमच्या घरात तीच सगळ्यांत बुटकी.

"एवढ्या उंचीवर म्हणजे मानसरोवरच झालं की, अण्णा. यात्रेची काही सोय करणार का?"

आमचे हे हसले. अण्णा हसले नाहीत. मी काहीच बोलले नाही, कारण मी ताटावर बसले होते.

चातुर्मासात माझं जेवताना मौन असे. लग्न होऊन सांगलीला आले त्या वर्षीपासूनचा नेम. ताटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढलाच तर ताटावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. इतक्या वर्षांत तशी वेळ आली नव्हती. माझा आवाज मुळातच लहान, त्यामुळे माझ्या मौनाची घरात कुणाला अडचण नव्हती. खरं सांगायचं तर सोयच होती. घरातले सगळे निर्णय जेवताना होत.

अण्णा म्हणजे यांचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पोटाच्या दुखण्यानं गेल्या, त्यानंतर अण्णा आमच्याकडे राहायला आले. घर त्यांच्या शब्दानं चाले. वडील लवकर गेल्यामुळे यांना आणि शरयूला, दोन्ही धाकट्या भावंडांना, त्यांनीच वाढवलेलं. शरयू ही धाकटी. कोल्हापुरात एका शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. त्या वर्षी तिच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. तिला आमच्याकडे आणलं आणि मिरजेला रोज गाडीनं नेऊन किरणांचे शेक दिले. गाठ गेली, पण शेकाबरोबर तोंडातली लाळही गेली. बोलता बोलता तिची जीभ टाळूला चिकटायची. मग ती क्षणभर थांबून, जीभ सोडवून, वाक्य पुढे नेत असे.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "यांना प्रत्येक घासामागं घोटभर पाणी लागणार. जेवण ओलं हवं. वजन उतरता कामा नये. आणखी उतरलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल."

त्या नळीला शरयू फार भ्यायली होती. शेकाच्या दिवसांत बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी एक बाई बसायची, तिला ती नळी होती. "वहिनी, बाकी काही चालेल," शरयू गाडीत मला म्हणाली होती, "पण ते नाकात लोंबणारं नको. त्या बाईला चहाचा वास येत होता, आणि चव घेता येत नव्हती."

आणि अण्णा आषाढात निसर्गोपचाराच्या शिबिराला गेले, आणि जेवताना पाणी न पिण्याचा हा नेम घेऊन आले.

"जठराग्नी म्हणजे काय? चूल," ते सांगत. "पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलंत तर काय होईल? विझेल. मग अन्न पचणार कशानं? ते कुजतं. सगळे रोग तिथून."

मी आधी चुलीवर, मग शेगडीवर, मग गॅसवर जन्मभर रांधलं आहे. पाणी चुलीवर कुणी ओतत नाही. भांड्यात ओततात, आणि त्याशिवाय भात शिजत नाही. पण हे सुचलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता आणि चातुर्मास सुरू होता.

पहिल्या आठवड्यात पाणी गेलं. मग ताक गेलं. मग अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "मालिनी, आमटी जरा घट्टच कर. पातळ म्हणजे पाणीच की ते." शरयूला भात कालवायला वरणाचा गोळा उरला.

"घास बत्तीस वेळा चाव," अण्णा तिच्या शेजारी बसून सांगायचे. प्रेमानं सांगायचे, हे मी नाकारत नाही. आईच्या जागी बसून भरवल्यासारखं. शरयू चावायची. लाळ नसलेल्या तोंडात पोळी चावत राहिलं की तिचा कापूस होतो, आणि कापूस गिळता येत नाही. ती तो घास या गालातून त्या गालात फिरवत राही, डोळ्यांत पाणी येई, मग हळूच रुमाल तोंडाशी नेई. अर्धी पोळी ताटात तशीच.

"भूक नाही का?" अण्णा विचारत.

"आहे की."

"ती खोटी भूक. अग्नी मंद झालाय तुझा. आता तर पाणी आणखी कडक पाळायला हवं."

"जन्मभर लोकांच्या उसाला पाणी सोडलंत, अण्णा," शरयू म्हणाली. "आमचं आवर्तन कधी सुटणार?"

अण्णांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "चेष्टा करतेस ते चांगलं आहे. मन प्रसन्न हवं."

ती उठून भांडली का नाही, असं आज मला माझी सून विचारते. शरयू शाळेत मुख्याध्यापकांना सरळ करणारी बाई होती. पण ज्यानं आपल्याला लहानपणी घास भरवला त्याच्यासमोर तोंड उघडता येत नाही काही माणसांना. शिवाय ती थकली होती. आजारी माणसाला रोज थोडं थोडं पटवलं की त्याला वाटायला लागतं, चूक आपलीच असेल.

मी बोलले. जेवणाव्यतिरिक्तच्या वेळी, अण्णा पेपर वाचत होते तेव्हा जाऊन म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांनी तिला घासामागं पाणी सांगितलंय."

"डॉक्टरांनी गाठ घालवली, त्यांचं काम संपलं," ते म्हणाले. "पचनातलं त्यांना काय कळतं? आणि तू, मालिनी? सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी. एवढे उपासतापास करणारी बाई तू. संयमाचं महत्त्व मी तुला सांगायला हवं का?"

माझे उपास त्यांनी असे माझ्याच तोंडावर फेकले. मी परत स्वयंपाकघरात आले आणि कणीक तिंबत बसले. हातातली कणीक गरजेपेक्षा फार मऊ झाली.

यांना म्हटलं तर हे म्हणाले, "अण्णांना दुखवू नको. पुढच्या तपासणीला डॉक्टरच सांगतील त्यांना."

"तोवर ही काय खाणार?"

"खातेय की थोडंथोडं."

हे वाईट नाहीत. यांना भांडणाचा आवाज सोसत नाही, एवढंच.

एका रविवारी अण्णा किर्लोस्करवाडीला एका मुंजीला गेले. मी पातळसर आमटी केली, मऊ भात केला, पोळ्या केल्या, आणि शरयूच्या ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवला. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली शिक्षिका, स्वतःच्या माहेरी, पाणी प्यायला दाराकडे बघते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

ती जेवली. घास, घोट. घास, घोट. दोन पोळ्या, भात, वर आमटीची वाटी तोंडाला लावली. जेवण झाल्यावर खुर्चीला टेकून म्हणाली, "वहिनी, पावसाळा आला गं आमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "श्रीधर, बघ. शरयूच्या चेहऱ्यावर तेज आलंय. पाणी तोडल्याचा गुण यायला लागला."

हे चहाच्या कपात बघत राहिले. शरयूनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला मात्र त्यात गंमत दिसली नाही. तिनं चोरून खाल्लेल्या अन्नाचं पुण्य त्यांच्या नेमाच्या खात्यावर पडलं, आणि दुपारी पुन्हा वरणाचा गोळा.

तपासणीला थोडेच दिवस राहिले होते. शरयूच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. तेव्हा अण्णांनी शिबिराच्या आगाशे गुरुजींना श्रावणी शुक्रवारी पुरणावर जेवायला बोलावलं. "ते स्वतः तिला बघतील," म्हणाले.

गुरुजी आले. माणूस गोड बोलणारा, स्वच्छ, पांढऱ्या सदऱ्यातला. लबाड वगैरे अजिबात नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. मी पुरणाचा स्वयंपाक केला होता. अण्णांनी सोवळं नेसून देवीला नैवेद्य दाखवला. आम्ही सगळे मागे हात जोडून उभे होतो. ताटाभोवती पाणी फिरवून अण्णांनी नेहमीसारखं खणखणीत आवाजात सगळं म्हटलं. ते शब्द मी जन्मभर रोज ऐकत आले आहे. रोज ऐकलेलं कानाला कळत नाही. त्या दिवशी त्यातला एक शब्द कळला, आणि मी डोळे उघडून अण्णांच्या पाठीकडे बघत राहिले.

जेवायला बसलो. गुरुजींचं पान अण्णांच्या उजव्या हाताला, शरयू समोर. पुरणपोळीवर तूप होतं, दूध नव्हतं. दूध अण्णांनी बंद करायला सांगितलं होतं. शरयूनं पोळीचा तुकडा तोंडात घातला. पुरण कोरडं, पोळी कोरडी, तोंड कोरडं. चावता चावता तिला ठसका लागला. तो ठसका थांबेना. ती टेबलाची कड धरून खोकत होती, आणि तिघं पुरुष तिच्याकडे काळजीनं बघत होते. पाणी कुणी दिलं नाही. ते तिघंही मनानं चांगले होते, म्हणूनच मला ते आजही विसरता येत नाही.

खोकला ओसरला. गुरुजी मऊ आवाजात म्हणाले, "अण्णासाहेब, हे अग्निमांद्य फार जुनं दिसतंय. शरीर अन्न घ्यायलाच तयार नाही. आपण असं करू. तीन दिवस लंघन. अन्न पूर्ण बंद. अग्नी पेटू दे. मग बघा, भूक कशी खवळून येते."

"तपासणीच्या आधीच उरकून घेऊ," अण्णा म्हणाले. "शरयू, ऐकलंस?"

शरयूनं रुमालानं तोंड पुसलं. ताटातली पोळी बाजूला सारली. कुठलीही कोटी केली नाही.

"बरं," ती म्हणाली.

"शरयू लंघन करणार नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझाच आवाज होता. तो नेहमीसारखाच लहान निघाला होता, पण त्या टेबलावर तो कुणी कधी ऐकला नव्हता.

"अगं," हे म्हणाले, "तुझं मौन."

"मोडलं," मी म्हटलं.

मी ताटावरून उठले. हात धुतला. माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि शरयूच्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

"मालिनी, ते उचल," अण्णा म्हणाले.

"पी," मी शरयूला म्हटलं.

"ताई, तुम्ही रागावू नका," गुरुजी म्हणाले. "तुमची माया समजते. पण यामागं शास्त्र आहे."

"गुरुजी, मघाशी नैवेद्याच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. प्राणाय स्वाहा वगैरे झाल्यावर अण्णा काय म्हणाले?"

गुरुजी गोंधळले. "नेहमीचंच. मध्ये पानीयं समर्पयामि."

"म्हणजे?"

"म्हणजे, जेवणाच्या मध्ये प्यायला पाणी अर्पण करतो."

"देवीचा अग्नी विझत नाही वाटतं त्यानं."

यांनी खाली मान घातली. अण्णांचा चेहरा लाल झाला. "देवाचं वेगळं असतं, मालिनी. तो नुसता विधी."

"विधी आहे, अण्णा. कुणीतरी जेवणाऱ्याची काळजी करूनच तो घातला असेल ना? तुम्ही रोज सकाळी दगडाच्या देवीला घासामागं पाणी विचारता. तिला तहान नाही तरी. आणि इथं तुमची सख्खी बहीण तुमच्या समोर ठसक्यानं जीव जाईतो खोकली, तेव्हा जग फ्रिजवर."

"पण पचनासाठीच तर."

"पचायला आधी घशाखाली उतरावं लागतं. तिच्या तोंडात लाळ नाही. शेकांनी गेली ती. गुरुजी, तुम्हाला सांगितलं होतं का अण्णांनी?"

गुरुजींनी अण्णांकडे पाहिलं. "लाळ नाही? मला तुम्ही भूक नाही असं सांगितलंत."

अण्णा ताटातलं पुरण बोटानं सारखं करू लागले.

"तुम्ही तरी तिला विचारलंत का?" मी गुरुजींना म्हटलं. "ती समोर बसली आहे. भूगोल शिकवते. स्वतःच्या तोंडाचा पत्ता तिला सांगता आला असता."

गुरुजींनी हातातला घास ताटात ठेवला. "चुकलं माझं, ताई. मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. एवढं म्हणणारा माणूस मी त्या दिवशी टेबलावर एकच पाहिला.

अण्णांना मात्र ते आणखीच झोंबलं. "तू," ते मला म्हणाले, "तू स्वतः उपास करतेस. निर्जळी करतेस. आणि आज पाण्यासाठी एवढं."

"करते ना. माझ्या पोटाचा करते, अण्णा. तुमच्या ताटातली पोळी काढून घेऊन मी कधी एकादशी केली नाही. दुसऱ्याच्या तोंडचं काढलं त्याला व्रत म्हणत नाहीत."

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. शरयूनं पेला उचलला. एक घोट घेतला, पोळीचा तुकडा तोंडात घातला, पुन्हा घोट. घास खाली उतरताना तिच्या गळ्याकडे आम्ही सगळे बघत होतो. उतरला. तिनं दुसरा घेतला.

अण्णा तिच्याकडे बघत होते. त्यांचा आवाज खाली आला.

"माई दर घासाला पाणी प्यायची," ते म्हणाले.

शरयूनं पेला खाली ठेवला.

"सवयच होती तिला. पेला रिकामा झाला की माझ्याकडे सरकवायची. मी भरून द्यायचो. एवढी वर्षं मीच भरून दिलं. मग पोट धरून बसायला लागली. पोट उघडून बघितलं आणि तसंच शिवलं डॉक्टरांनी. का झालं, कुणी सांगितलं नाही मला. शिबिरात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाण्यानं नाही, तर मग ती कशानं गेली, मालिनी?"

इतके दिवस ते शरयूला वाचवत होते असं मला वाटत होतं. ते माईंना भरून दिलेला पेला परत घ्यायला बघत होते, आणि मध्ये शरयू सापडली होती. राग होता, तो एकदम कुठं ठेवावा हे कळेना.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही भरून दिलेल्या पाण्यानं नाही गेल्या त्या. त्यांना ते गोड लागत होतं."

अण्णा उठले. हात न धुताच खोलीत गेले. हे त्यांच्या मागे जायला उठले, मी नको म्हटलं. गुरुजींनी निमूटपणे ताटातलं संपवलं. शरयू खाली मान घालून जेवत राहिली. पोळी संपल्यावर तिनं ताट माझ्याकडे सरकवलं.

"वहिनी, अजून एक वाढ. आणि जरा दूध दे बाई त्यावर."

त्या दिवशी मी नेमाप्रमाणे पुन्हा जेवले नाही. माझं ताट गाईला घातलं. त्या वर्षीचं मौन खंडित झालं, ते मी देवासमोर सांगितलं आणि त्याबद्दल प्रायश्चित्त घेतलं नाही.

शरयूचं वजन तपासणीपर्यंत सावरलं. डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. ती पुढं कोल्हापूरला परत गेली, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून वर्गात शिकवू लागली, आणि अजून आहे.

अण्णा नंतर पुष्कळ वर्षं आमच्यात होते. त्या शुक्रवाराबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत, आणि ठसक्यानं वाकलेली शरयू आठवते तोवर मीही त्यांना पूर्ण माफ केलं असं म्हणणार नाही. पण शरयू आली की तिच्या ताटाशेजारचा पेला तेच भरून ठेवत. स्वतः मात्र जेवताना शेवटपर्यंत पाणी प्यायले नाहीत. ठसका लागला तरी नाही. हे म्हणायचे, "अगं, सांग ना त्यांना." मी कधी सांगितलं नाही. माईंसाठी धरलेला नेम होता तो, आणि या वेळी तो त्यांच्या स्वतःच्या पोटाचा होता.